तळ्यात मासे सोडण्याआधी पाणी पारखा



उसाला चालते ते पाणी माशाला चालेलच असे नाही. निफाड, सिन्नर, चांदवडकडे शेततळी पुष्कळ झाली. "तळं आहेच, टाका बोटुकली" असे म्हणून काही जण मोकळे होतात आणि एखाद्या ढगाळ पहाटे सगळे मासे पोट वर करून तरंगताना दिसतात. मग दोष बियाण्याला!

तळे पाहायचे ते दुपारी नव्हे, सूर्य उगवायच्या आधी. पाण्यातले बारीक हिरवे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेच तो खाते. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. कटला, रोहू, मृगळ यांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास तरी तो हवा. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागले, तर खत व खाद्य लगेच बंद करा आणि पंप लावून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडा.

शेवाळ किती आहे हे आपला हातच सांगतो. दहा-अकराच्या उन्हात हात सरळ पाण्यात घाला. कोपर बुडताना तळवा जेमतेम दिसेनासा झाला तर पाणी चांगले. वीतभरातच दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवे. कोपराच्याही खाली स्वच्छ दिसला तर माशाला चारा नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या नव्या तळ्यात हे हमखास होते, कारण तळाला माती नसते. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याला ही परीक्षा लागू नाही.

सामू ७.५ ते ८.५ असावा. गाळपात रसाला चुना देताना आपले केमिस्ट पाहतात तोच हा सामू. तळ्यातही तो कमी पडला तर चुनाच लागतो.

पाणी कुठून येते, हे तर आधी बघावे. गोदावरी-कादवा संगमावरचा नांदूरमध्यमेश्वर बंधारा २०२० साली रामसर यादीत गेला, महाराष्ट्रातले ते पहिले स्थळ. पण त्याच गोदेवर सायखेडा-चांदोरीच्या पुलाशी पाणवेली अडकतात. पाणवेल माजली म्हणजे वरून सांडपाणी येते, असे समजावे.

आपल्या धंद्याचेही सांगितले पाहिजे. मळी किंवा आसवनीचे सांडपाणी ओढ्यात गेले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. विष नसतानाही मासा गुदमरून मरतो. उसाच्या शेतात जिरवायचे म्हणून आणलेले असे पाणी तळ्याकडे वाहू देऊ नका.

द्राक्षबागेशेजारी तळे असेल तर आणखी जपा. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशाला अगदी थोडीही पुरतात. फवारणीचा पंप तळ्यावर धुणारा गडी आधी आवरा! निफाडच्या कडाक्याच्या थंडीत मासा खात नाही, तेव्हा खाद्य कमी करा. उरलेले कुजून पाणीच नासवते.

गावतळे घ्यायचे असेल तर ठेका कोणाकडे आहे, मच्छीमार संस्थेचा हक्क आहे का, हे आधी विचारा.

एवढे करूनही शंका राहिली तर हापा, म्हणजे जाळीची पेटी, तळ्यात बांधून दहा-वीस बोटुकली दोन दिवस ठेवा. तिसऱ्या पहाटे ती तरतरीत असली तरच उरलेले बियाणे आणायला गाडी पाठवा.