लांब नळी की आखूड नळी?

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण विषय जिव्हाळ्याचा आहे आणि त्यात मी एक मोठी चूक करून बसले आहे. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

आमच्या शूटिंग क्लबमध्ये ५० मीटरसाठी .२२ च्या दोन रायफली आहेत. एकीची नळी ६९० मिमी. दुसरीची फक्त ५०० मिमी, आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ पाईप बसवलेला. मोसमाच्या सुरुवातीला जी घ्याल तीच वर्षभर वापरायची, कारण स्टॉक आपल्या अंगाप्रमाणे सेट करावा लागतो. गेल्या वर्षी मी धावत जाऊन लांब नळीची पकडली. ‘लांब नळी म्हणजे नेम पक्का’ हे सगळ्यांकडून ऐकलेलं! आखूड नळीची माझ्या कोल्हापूरच्या रूममेटच्या वाट्याला आली. निवड चाचणीत ती टीममध्ये गेली आणि मी ३ गुणांनी राहिले. त्या रात्री मी मेसमध्ये जेवायला गेलेच नाही. दोन दिवस तिच्याशी नीट बोललेही नाही. चूक तिची नव्हती, हे कळायला वेळ लागला.

मग स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या नोट्स काढल्या आणि हिशोब मांडला.

१) वेग : नळी लांब तर गोळी जास्त वेगाने जाणार, असं वाटतं. मोठ्या काडतुसांत ते बरंच खरं आहे. पण .२२ च्या काडतुसात दारू एवढीशी असते. साधारण १६ ते १९ इंचांतच तिचं काम संपतं. त्यापुढे नळीचं घर्षणच जास्त. शिवाय मॅचच्या गोळ्या मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा कमी, म्हणजे सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगाच्या ठेवतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळू शकते. म्हणजे वेगासाठी लांब नळी घेण्यात अर्थ नाही.

२) साइट लाइन : लांब नळीचा खरा फायदा इथे आहे. मागची साइट आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर जास्त, तर चुकीचा कोन कमी. समजा, माशी ०.१ मिमी बाजूला धरली गेली. साइट लाइन ८०० मिमी असेल तर ५० मीटरवर गोळी ६.२५ मिमी सरकते. साइट लाइन ६१० मिमी असेल तर ८.२ मिमी. दहाच्या रिंगचा व्यासच १०.४ मिमी! म्हणजे हा फरक छोटा नाही. पण नीट बघा, इथे नळीची लांबी कुठेच आली नाही, फक्त दोन साइटमधलं अंतर आलं. आखूड नळीच्या पुढे तो पोकळ पाईप लावून माशी त्याच्या टोकावर बसवली की साइट लाइन परत ८०० मिमी. गोळी मात्र ५०० मिमीनंतर मोकळी. (दुर्बीण लावून मारणार असाल तर हा मुद्दाच निकालात निघतो.)

३) कडकपणा : नळी म्हणजे एका टोकाला पक्की धरलेली कँटिलिव्हर बीम. टोकावर तेवढाच भार असेल तर वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६९० भागिले ५००, त्याचा घन केला तर सुमारे २.६. म्हणजे त्याच जाडीची लांब नळी अडीच पटीहून जास्त लवचिक. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि गोळी लांब नळीत जवळजवळ ०.६ मिलिसेकंद जास्त राहते. म्हणून लांब नळीत फॉलो-थ्रूला जास्त महत्त्व.

४) तोल : माझा घात इथे झाला. नळीचा व्यास २२ मिमी धरला तर जादाच्या १९० मिमी स्टीलचं वजन होतं सुमारे ५३० ग्रॅम. तेवढाच २ मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पाईप ६५ ग्रॅमच्या आतबाहेर. आता हे वजन डाव्या हातापासून अर्धा मीटर पुढे आहे असं समजून मोमेंट काढा. स्टीलचं २.६ न्यूटन-मीटर, पाईपचं ०.३. मी पाच फूट एक इंच. आमच्या सामन्यात नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग अशा तीन स्थितींत प्रत्येकी २० गोळ्या, आणि स्टँडिंग सगळ्यात शेवटी. पहिल्या दहा ठीक जायच्या. मग खांदा भरून यायचा आणि गोळ्या खाली उतरू लागायच्या.

पण पुढचं वजन सगळ्यांनाच वाईट असतं असं नाही. उंच, दणकट नेमबाजाला ते मदतच करतं, कारण इनर्शिया जास्त असला की रायफल पटकन हलत नाही. बरेच जण पुढे मुद्दाम वजनं लावतात. रूममेट म्हणाली, “अगं, आंबे पाडायची काठी लांब असली की वरचा आंबा मिळतो, पण ती पेलायला दंडात ताकद पायजे की!” तिच्या जिल्ह्याने २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत दिली, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे दिला. त्यामुळे मी वाद घातला नाही!

शेवटी सरांच्या परवानगीने आम्ही दोघींनी दोन्ही रायफली वाळूच्या पिशवीवर टेकवून मारल्या. टार्गेटं शेजारी ठेवली तर कुठलं कुठल्या रायफलीचं, ओळखता येईना. सर एवढंच म्हणाले, “बंदूक चांगली आहे का, हे तू वर्षभर विचारलंस. तुला झेपते का, हे कधी विचारलंस?”

तेव्हा नवीन येणाऱ्यांनी आधी स्टँडिंगमध्ये रायफल धरून पाहावी. वीस वेळा, गोळी न घालता. विसाव्या वेळीही माशी पहिल्या वेळेइतकीच स्थिर राहिली तर लांब नळी खुशाल घ्या. नाही राहिली तर आखूड नळी आणि पाईप. प्रोनच मारायचं असेल तर वजन स्लिंगवर जातं, तिथे लांब नळीही चालून जाते.

या वर्षी रूममेटने आपणहून आखूड नळीची रायफल माझ्यापुढे सरकवली. ती माझ्यापेक्षा पाच इंच उंच आहे. लांब नळी तिला पेलतेय, असं दिसतंय. चाचणी पुढच्या महिन्यात आहे. कोणाला बघायचं असेल तर रविवारी सकाळी रेंजवर या. दोन्ही रायफली हातात देऊ. गोळी मात्र सर सांगतील तेव्हाच!