500 पाऊच हवेत, तेही कंपोस्ट होणारे?

घरी साबण, राख्या, कपडे किंवा मसाले तयार करून विकता आणि पॅकिंग मक्या-उसाच्या प्लास्टिकचं हवंय? मग दराच्या आधी प्रमाणपत्र मागा. कंपोस्टेबल प्लास्टिक बनवणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याची प्रत व्हॉट्सॲपवर मागवा, कंपनीचं नाव आणि क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहा. मानक आयएस/आयएसओ 17088 असायला हवं. ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ लिहिलेला माल नको. त्याचे तुकडे होतात, खत होत नाही. पिशवी पाण्यात विरघळवून दाखवणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ या दाव्याचंही तसंच. मऊ पिशव्यांत पीएलए (मक्या-उसापासूनचं प्लास्टिक) किंवा स्टार्चबरोबर बहुधा पीबीएटी नावाचं प्लास्टिक मिसळलेलं असतं आणि ते सहसा खनिज तेलापासून बनतं. पिशवी कंपोस्ट होते, पण ती सगळी मक्याची नसते. ग्राहकाला काय सांगायचं, ते पिशवीत काय मिसळलंय हे विचारूनच ठरवा.

आता पैसे. दर किलोवर सांगितला जातो आणि फसगत तिथेच होते. हे प्लास्टिक जड असतं. 20 बाय 30 सेंटिमीटरची, 50 मायक्रॉनची पिशवी साध्या पॉलिथिनची असेल तर साडेपाच ग्रॅमची, कंपोस्टेबल असेल तर साडेसात ग्रॅमची. म्हणजे किलोला सुमारे 180 ऐवजी 133 नग. किलोचा दर सारखा असता तरी पिशवी महागच पडली असती. प्रत्यक्षात दरही चढाच असतो. म्हणून भाव नेहमी नगावर मागा. जीएसटी, वाहतूक आणि किमान ऑर्डर धरून.

दुसरा खड्डा छपाईचा. रोटो छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतले जातात. समजा 4 रंग आणि सिलिंडर 5 हजारांचा: झाले 20 हजार. 500 पाऊचवर वाटले तर नगामागे 40 रुपये, पाऊचची किंमत वेगळीच! पहिल्या खेपेला तयार साधा पाऊच घ्या, वर कागदी स्टिकर लावा. सिलिंडर केलेच, तर ते कोणाच्या मालकीचे राहणार हे बिलावर लिहून घ्या.

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत मशीद बंदर-क्रॉफर्ड मार्केट इथे चौकशी करता येईल. पण मालावर उत्पादकाचं नाव, ‘कंपोस्टेबल’ हा शब्द आणि प्रमाणपत्र क्रमांक नसेल तर स्वस्त म्हणून उचलू नका. यादीतल्या उत्पादकाला थेट फोन केलात तर नमुने मागता येतात. ‘तुमच्या नावाने चाचणी करावी लागेल’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. ती महिनोन् महिने चालणारी चाचणी पाऊच बनवणाऱ्याने करायची असते.

खाण्याचा माल असेल तर खाद्यसंपर्काचा प्रयोगशाळा-अहवालही हवा. आणि एक सावधगिरी: हे प्लास्टिक ओलावा नीट अडवत नाही. चिवडा, पापड, मसाले यांसाठी साधा एकपदरी पाऊच घेऊ नका, कुरकुरीतपणा चार दिवसांत जाईल. पीएलए साधारण 55-60 अंशांना मऊ पडतं, म्हणून गरम माल भरू नका, उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. सीलिंग मशीनचं तापमानही नव्याने जुळवावं लागतं. वर्षभराचा साठा तर नकोच. पिशव्या पडून पडून कमकुवत होतात. बनवल्याची तारीख विचारा.

 

शेवटी लेबल. चाचणीत कंपोस्टिंग 58 अंशांच्या आसपास होतं, घरच्या कुंडीत तेवढी उष्णता नसते. त्यामुळे ‘कुंडीत टाका, खत होईल’ असं छापू नका. पर्यावरणाचे फसवे दावे रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर 2024 पासून आहेत आणि दाव्याचा पुरावा तो छापणाऱ्याकडे मागितला जातो, म्हणजे तुमच्याकडे.