सी ड्राइव्ह भरला, काय पुसावं?

प्रश्न : घरच्या संगणकाचा सी ड्राइव्ह लाल दिसतो. कोणत्या फाइली बिनधास्त काढाव्यात? – एक वाचक, जळगाव

उत्तर : सुरुवात टेम्पररी फाइलींपासून करावी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेने त्यांची यादी मिळते.

त्या यादीत ‘डाउनलोड्स’वर मात्र टिक नको. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराचा सातबारा, पीकविम्याची पावती बहुधा तिथेच पडून असते. आधी ती पेनड्राइव्हवर घ्यावी, तिथून उघडून पाहावी, मगच मूळ फाइल काढावी.

‘विंडोज.ओल्ड’ हे जुनं विंडोज. अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी आपोआप जातं. ‘सिस्टिम३२’ला हातही लावू नये. नको असलेला प्रोग्राम अनइन्स्टॉल करावा, फोल्डर पुसू नये.

रिसायकल बिन रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल तर सहसा त्यात जातच नाही.