सनद खुंटीला टांगण्यापूर्वी

लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली मुलंमुली भेटतात, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, कोर्टात निभाव लागेल असं वाटत नाही. कंपनीच्या लीगलमध्ये जाऊ का?" जरूर जा. मीही चाकणच्या एका कारखान्यात विधी विभाग सांभाळत बरीच वर्षं काढली. पगार एक तारखेला होतो, सीनिअरच्या चेंबरमध्ये जेमतेम हातखर्चावर राबावं लागत नाही आणि धंदा आतून कसा चालतो ते दिसतं. मात्र या नोकरीत काय गमवावं लागतं, ते नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. ते मला जसं उमगलं तसं सांगते.

पहिली बाब सनदेची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की ते आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवावं लागतं आणि नोकरी असेतो वकिली बंद ठेवावी लागते. नोकरी सुटल्यावर अर्ज करून सनद पुन्हा सुरू करता येते. पगार घेत घेत सनदही चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यावर व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार कधीही होऊ शकते. त्या वाटेला जाऊ नका.

ज्यांना पुढे न्यायाधीश व्हायचं आहे, त्यांनी इथे जास्त विचार करावा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. वकिलाला जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ नुसार ७ वर्षांची वकिली लागते. सनद बंद असलेली कंपनीतली वर्षं या हिशेबात येत नाहीत.

माझ्या कारखान्याची मालकी बदलली, नव्या मालकांनी विभाग गुंडाळला आणि कामं बाहेरच्या लॉ फर्मकडे सोपवली. सनद सुरू करून मी शिवाजीनगर कोर्टात परतले, तेव्हा माझ्या बरोबरीच्यांच्या हाताखाली ज्युनिअर होते, त्यांची पक्षकार मंडळी ठरलेली होती. माझा आजवरचा एकुलता एक पक्षकार म्हणजे कंपनी, आणि ती हातची गेली होती.

दुसरी बाब गुपितांची. कंपनीत सगळे विश्वासाने येऊन सांगतात, "हे आपल्यातच ठेवा." पण ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीच्या पगारी वकिलाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधलं वकील-पक्षकार गोपनीयतेचं संरक्षण मिळत नाही. म्हणून एखाद्या प्रकरणात तपास यंत्रणेची पावलं वाजू लागली, की सल्ला बाहेरच्या, प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाकडून घ्या असं व्यवस्थापनाला लगेच सांगा.

तिसरी बाब 'नाही' म्हणण्याची. मार्चअखेर आली, की विक्री विभागाला करारावर आजच सही हवी असते. नुकसानभरपाईला कमाल मर्यादा नसलेला असा एक करार माझ्या टेबलावर आला. मी हरकत मेलवर कळवली, मर्यादेचं कलमही लिहून दिलं. वरिष्ठांनी सही केलीच. पुढे मालात दोष निघाला, ग्राहकाने दावा लावला आणि बैठकीत पहिलं वाक्य आलं, "लीगलने बघितलं होतं ना?" तो मेल होता म्हणून मी निभावले. दुसऱ्या एका करारात माझ्या सहकाऱ्याने तीच हरकत फोनवर घेतली होती. त्याला राजीनामा द्यावा लागला. नुसता नकारही कुणी ऐकत नाही. धोका काय, त्याचा रुपयांत अंदाज किती आणि पर्यायी कलम कोणतं, एवढं चार ओळींत लिहा. निर्णय धंद्याचा, सल्ला तुमचा, आणि दोन्ही कागदावर.

चौथी बाब तारखांची. कंपनीचं मोठं नुकसान पुष्कळदा टपालात होतं. आमच्या एका डेपोत व्यापारी दाव्याचं समन्स आलं आणि तिथल्या कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. व्यापारी दाव्यात कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. न्यायालय फार तर समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांपर्यंत मुभा देतं. त्यानंतर कितीही नावाजलेला वकील उभा केला, तरी कैफियत दाखल होत नाही. चेक न वटल्याचंही तसंच. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, आणि अकाउंट्सवाले तिमाही संपल्यावर कळवतात. म्हणून रुजू झाल्या झाल्या प्रत्येक शाखेच्या गेटवर मराठी-हिंदीत सूचना लावा: कोर्टाचं पाकीट आलं की त्याच दिवशी फोटो पाठवा.

ऑफर हातात आली की विचारून घ्या, तुमचा वरिष्ठ कोण? विक्रीप्रमुखाच्या हाताखालच्या वकिलाला विक्रीच्या करारावर हरकत घेणं जड जातं. एमडी किंवा संचालक मंडळाकडे थेट जाता येत असेल तरच हो म्हणा. आणि त्याआधी निदान ३ वर्षं तालुका-जिल्हा कोर्टात घासून काढा. साक्षीपुरावा कसा चालतो हे पाहिलेल्यालाच करारातलं कोणतं वाक्य पुढे कोर्टात टिकणार नाही ते ओळखता येतं. शिवाय परतायची वेळ आली, तर कोर्टाची पायरी अनोळखी वाटत नाही. आधी कोर्ट, मग कंपनी. हा क्रम उलटा करू नका.