जुनी ठासणीची रायफल : घ्यावी की सोडावी?

प्रश्न : मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीसाठी .५० कॅलिबरची जुनी, स्वस्त ठासणीची रायफल मिळते आहे. घेऊ का?

उत्तर : आधी गज नळीत तळापर्यंत घाला, खूण धरा आणि बाहेरून ताडून पाहा, गज अलीकडेच अडला तर बंदूक भरलेली आहे. रिकामी असेल आणि ब्रीच प्लग (नळीच्या मागच्या टोकाचे बूच) निघणारा असेल, तर विक्रेत्याला तो काढायला सांगा. तो गंजून जाम झाला असेल तर सौदा तिथेच सोडा. जळलेल्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. नळीत किंचित डाग चालतील, खड्डे नकोत. दस्त्यावरचे ओरखडे विसरा. सीव्हीए कंपनीची इन-लाइन रायफल असेल तर अनुक्रमांक वाचाच : शेवटी ९५ किंवा ९६ असलेल्या बंदुका १९९७ मध्ये परत मागवल्या गेल्या होत्या. तशी फुकट मिळाली तरी तिच्यातून गोळी झाडू नका.