सुई लावण्याआधी

तुला धास्ती दाढ काढण्याची नाही, त्याआधीच्या इंजेक्शनची आहे, हे तू न सांगताही मला कळतं. फोर्सेप्स हातात आला की निदान दात डोळ्यांना दिसतो. सुई मात्र न दिसणाऱ्या जागी जायची असते, आणि समोर कुणाचे तरी बाबा नाहीतर कुणाची तरी आजी आ करून बसलेली असते. थर्ड इयरला ओरल सर्जरीची पोस्टिंग लागली की हे जवळजवळ सगळ्यांना होतं, कुणी बोलत नाही इतकंच. म्हणून आज आपण दोघी नीट बोलू या. अ‍ॅनाटॉमीत तू कधीच पास झालीस. पण त्या पाठ केलेल्या अ‍ॅनाटॉमीची आणि पेशंटच्या तोंडाची अजून गाठ पडलेली नाही, म्हणून भीती वाटते. ती गाठ बोटांनी पडते गं, वाचून नाही.

आधी एक कर. दोन्ही तर्जन्या कानाच्या अगदी पुढे ठेव आणि तोंड सावकाश उघड. बोटाखाली हाडाचा गोळा लागतो ना? तो सुरुवातीला जागच्या जागी फिरतो आणि मग पुढे सरकतो. तोच तुझा काँडाइल. त्याच्या आणि कवटीच्या खोबणीच्या मध्ये डिस्क असते, आणि ती सांध्याचे दोन कप्पे करते. खालच्या कप्प्यात फिरणं होतं, वरच्या कप्प्यात सरकणं. पहिले साधारण २० ते २५ मिलिमीटर तोंड नुसत्या फिरण्याने उघडतं. त्यापुढे लॅटरल टेरिगॉइड काँडाइलला खेचून पुढच्या उंचवट्यावर नेतो, तेव्हा कुठे ४०-५० मिलिमीटर उघडतं. तीन बोटं उभी मावली की पेशंटचं तोंड पुरेसं उघडतंय असं समज. पेशंट खुर्चीत बसला की आधी हे बघ, इंजेक्शन भरायच्याही आधी.

खालचा जबडा हे एकच हाड आहे आणि त्याच्या दोन टोकांना दोन सांधे. एक हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. तू उजवीकडची दाढ काढायला जोर लावतेस तेव्हा डावा सांधाही ते सोसत असतो. सर तुला सतत सांगतील, ‘दुसऱ्या हाताने जबडा धर.’ त्याचं कारण हे आहे. न धरता जोर लावला, किंवा थकलेल्या आजींना फार वेळ आ करायला लावलं, तर काँडाइल उंचवट्याच्या पुढे जाऊन अडकतो. मग तोंड मिटत नाही, लाळ गळते आणि आजी घाबरून तुझा हात घट्ट धरतात. अशा वेळी अंगठ्यांना गॉज गुंडाळून ते खालच्या दाढांच्या बाजूला ठेवायचे, आधी जबडा खाली दाबायचा, मग मागे ढकलायचा. खाली दाबल्याशिवाय मागे ढकलू नकोस, कारण वाटेत तो उंचवटाच आहे. ही रीत हिपोक्रॅटिसच्या नावाने ओळखली जाते, इतकी जुनी आहे.

आणि तोंड उघडताना कुणाच्या सांध्यात ‘खट्ट’ वाजलं तर लगेच घाबरवू नकोस. डिस्क थोडी पुढे सरकलेली असते आणि काँडाइल तिच्यावर परत चढताना तो आवाज होतो. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. मुली तर यावरून रात्र रात्र गुगल करत बसतात. त्यांना दोन मिनिटं शांतपणे समजावून सांग, तोच उपचार.

सांध्याला संवेदना देणारी मुख्य नस ऑरिक्युलोटेम्पोरल. ती काँडाइलच्या मानेमागून वळून कानाच्या पुढून वर जाते. म्हणूनच सांधा दुखणारा माणूस ‘कान दुखतो’ म्हणत कानाच्या डॉक्टरांकडे जातो, आणि तिथे कान स्वच्छ निघतो. खालची किडलेली दाढही अशीच कानात ठणकते, कारण सगळ्या एकाच बुंध्याच्या फांद्या आहेत. बुंधा म्हणजे पाचवी नस, ट्रायजेमिनल. तिसरी फांदी फोरामेन ओव्हेलमधून खाली उतरते आणि तुझं पुढच्या सहा महिन्यांचं काम तिच्याशीच आहे.

आता तुला हमखास ऐकावं लागेल असं एक सांगते. ‘डॉक्टर, वरची दाढ काढली की डोळ्याची नस जाते ना?’ गावाकडचे विचारतात आणि शहरातलेही. ऐकून हसू नकोस आणि चिडूही नकोस. दिसण्याची नस दुसरी, दातांची पाचवी, दोन्ही वेगळ्या. पाचव्या नसेची पहिली फांदी डोळ्याला नि कपाळाला जाते खरी, पण ती स्पर्श आणि दुखणं कळवते, दृष्टी नाही. वरची दाढ ठणकते तेव्हा डोळ्याखालीही दुखतं, म्हणून लोकांच्या मनात हे बसलं. त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त काढलेला अर्थ चुकीचा आहे. तसंच सांग, म्हणजे पटतं. या एका भीतीपायी कितीतरी माणसं सडलेल्या दाढा वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

उलटही होतं. तोंड धुताना, घास घेताना, नुसता वारा लागला तरी गालात क्षणभर विजेसारखी कळ जाते, आणि पेशंट चांगल्या दाताकडे बोट दाखवून ‘हा काढाच’ म्हणतो. ती कळ ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची असू शकते. त्यावर कार्बामाझेपिन चालतं, फोर्सेप्स नाही. एकामागून एक चांगले दात काढून बसलेली माणसं तुला भेटतील. दातात कारण सापडत नसेल, तर दात काढू नकोस. सरांना बोलाव.

वरच्या जबड्याला बाहेरचं हाड पातळ असतं, दाताच्या मुळाशी भूल दिली की झिरपते. खालच्या दाढांभोवती हाड जाड, म्हणून तिथे नस हाडात शिरायच्या आधीच गाठावी लागते. इन्फीरिअर अल्विओलर नर्व्ह ब्लॉक हाच. विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी हॉल यांनी न्यूयॉर्कला १८८४-८५ च्या सुमारास कोकेन वापरून तो पहिल्यांदा दिला. आपल्या हातात त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित लिग्नोकेन आहे. पण नस शोधायची जागा तीच.

हातात मँडिबल घे. रेमसच्या आतल्या बाजूला छिद्र आहे आणि त्याच्यापुढे हाडाचा छोटा टोकदार पापुद्रा, लिंग्युला. नस तिथे आत शिरते. आता आरशासमोर स्वतःच्या तोंडात अंगठा घाल. दाढांच्या मागे रेमसच्या पुढच्या कडेवर सर्वांत खोल बाक लागतो, तो कोरोनॉइड नॉच. त्याच्या आत, मोठा आ केल्यावर वरून खाली ताणलेली घडी दिसते, ती टेरिगोमँडिब्युलर रॅफी. सुई या दोघांच्या मध्ये, रॅफीच्या अगदी बाहेरून, खालच्या दाढांच्या पृष्ठभागापेक्षा ६ ते १० मिलिमीटर वर. सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवरून येते. प्रौढात साधारण २० ते २५ मिलिमीटर आत गेलं की सुईचं टोक हाडाला टेकतं. ते टेकणं हाताला कळायलाच हवं.

फार लवकर टेकलं, तर तू पुढे आहेस. थोडी मागे घे, सिरिंज पुढच्या दातांकडे वळव, मग पुन्हा आत जा. टेकलंच नाही, तर तू मागे गेली आहेस, आणि मागे पॅरोटिड ग्रंथी असते. तिच्यातून सातवी नस जाते. तिथे औषध सोडलंस तर पाच मिनिटांत पेशंटचा त्या बाजूचा डोळा मिटेनासा होतो, ओठ वाकडा होतो. काही तासांत उतरतं, पण तोवर डोळा झाकून ठेवावा लागतो आणि घरच्यांना वाटतं लकवा मारला. म्हणून हाड लागल्याशिवाय औषध सोडायचं नाही. हा नियम माझ्यासाठी पाळ.

हाड लागलं की एक मिलिमीटर मागे ये, पिस्टन ओढून रक्त येतं का बघ, नसेल तर सावकाश सोड. मिनिटभर लागू दे. अर्धी सुई बाहेर आल्यावर थोडं सोडलं की जिभेची लिंग्वल नर्व्हही बधिर होते. आणि सुई हबपर्यंत कधीच आत घालायची नाही. मोडते ती तिथे, आणि मग हाती लागत नाही.

नंतर विचार, ‘ओठ जड झाला का?’ पेशंट म्हणेल, ‘सुजल्यासारखा वाटतोय.’ झालं काम. तरीही दाढेच्या गालाकडच्या हिरडीला टोच लावली की तो ओरडतो, कारण तिथे लाँग बक्कल नर्व्ह आहे आणि तिला वेगळं इंजेक्शन लागतं. कधी ओठ पूर्ण बधिर असूनही दाढ दुखते. मायलोहायॉइड नर्व्ह छिद्राच्या वरच फुटून निघते आणि काहींत तिचा एखादा धागा दाढेपर्यंत पोचतो, मग जिभेच्या बाजूने थोडं द्यावं लागतं. लहान मुलांत छिद्र आणखी खाली असतं, सुई तिथे खालीच ठेव. आणि मुलाच्या आईला बजाव, ओठ बधिर आहे तोवर खायला द्यायचं नाही, पोर ओठ चावून रक्तबंबाळ करतं.

हा ब्लॉक अनुभवी हातांकडूनही दर वेळी लागत नाही. पाचसहापैकी एखादा हुकतो. लागला नाही तर तुझा हात वाईट आहे असं मनाला लावून घेऊ नकोस. पेशंटला ‘सहन करा’ म्हणून दाढ ओढू मात्र नकोस. त्याच्या ‘दुखतंय’वर विश्वास ठेव आणि पुन्हा जागा शोध.

ओपीडीत असे तरुण येतील की ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. सांध्याला हात लावशील तर सांधा ठीक. गालात आणि रॅफीच्या जागी पांढऱ्या कडक दोऱ्या लागतील. सुपारी, गुटखा. सबम्युकस फायब्रोसिस हे नाव डॉ. जोशी यांनी मुंबईत १९५३ साली वापरलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी ही मुलं येतात. त्यांच्यात नेहमीचा ब्लॉक देता येत नाही, खुणाच दिसत नाहीत. तेव्हा तोंड मिटूनच, वरच्या दाढांच्या हिरडीच्या रेषेने गाल आणि रेमसच्या मधून द्यायचा ब्लॉक लागतो, अकिनोसी यांनी १९७७ मध्ये सांगितलेला. गाऊ-गेट्स यांचा १९७३ चा ब्लॉक थेट काँडाइलच्या मानेशी जातो, पण त्याला मोठा आ लागतो. ते दोन्ही तू पुढे शिकशीलच. आत्ता त्या मुलांची सुपारी सोडवायचं बोल, एकदा नाही, प्रत्येक भेटीला बोल.

अक्कलदाढेबद्दल मात्र हलकेपणा नको. खाली मुळांना लागून नसेचा कालवा असतो, आतल्या बाजूला लिंग्वल नर्व्ह हिरडीखाली अगदी वर येऊ शकते, आणि जिभेच्या पुढच्या दोनतृतीयांश भागाची चवही तिच्यातूनच जाते. ओपीजीत कालव्याची पांढरी रेघ मुळाशी तुटलेली दिसली किंवा मूळ तिथे काळसर दिसलं, तर दाढ काढायच्या आधी सरांना दाखव. आणि पेशंटला आधीच सांग, की ओठ किंवा जीभ काही आठवडे, महिने बधिर राहू शकते आणि क्वचित कायमची. आधी सांगितलेलं माणसं समजून घेतात. नंतर सांगितलेलं त्यांना लपवाछपवी वाटतं, आणि ते चुकीचं नाही.

पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी सिरिंज भरायच्या आधी तीन गोष्टी विचार: काही खाऊन आलात का, कसली औषधं चालू आहेत, आधी कधी भुलेचा त्रास झाला होता का. उपाशी आलेल्याला आधी काहीतरी खायला पाठव, मागे रांग कितीही असो. आणि तूही नाश्ता करूनच जा.