धरण तेवढेच, मग वाढायचे किती?

प्रश्न : दरवर्षी विकासदराची चर्चा होते. सहा टक्के झाला की चिंता, आठ झाला की आनंद. लहानपणापासून मी नाशिकची वस्ती गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने सरकताना पाहतो आहे. धरण मात्र तेवढेच आहे. पृथ्वीही तेवढीच आहे. मग दरवर्षी वाढतच राहणे शक्य तरी आहे का? आणि नसेल, तर सगळे वाढ का मागतात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : धरणसुद्धा तेवढेच राहिलेले नाही, ते लहान झाले आहे. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले तेव्हा त्याची साठवण सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट होती. गाळ साचत गेला आणि आज ती सुमारे ५,६३० धरली जाते. याच काळात शहर फुगत गेले. २००१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत १०.७७ लाख माणसे होती, २०११ मध्ये १४.८६ लाख. गंगापूर पुरेना म्हणून काश्यपी आणि गौतमी-गोदावरीची जोड मिळाली, दारणेचे पाणी होतेच, आणि अलीकडे इगतपुरी तालुक्यातल्या मुकणे धरणातून थेट जलवाहिनी आली. एक धरण अपुरे पडले की पुढच्या धरणाकडे हात, ही आपल्या वाढीची आजवरची रीत.

ही रीत किती दिवस चालते, याचे उत्तर पैठणला मिळते. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक आणि नगरची धरणे, खाली पैठणचे जायकवाडी धरण. वर अडवलेला प्रत्येक थेंब खाली कमी होतो. म्हणून २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी पाणीवाटपाचे कलम आले. मेंढेगिरी समितीने त्याचे गणित मांडले, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे ठरले. २०२३ मध्ये असाच ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि नाशिक-नगरमध्ये आंदोलने, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या भांडणात कोण बरोबर, हा वेगळा विषय. मला त्यात दिसते ते एवढेच की गोदावरीच्या खोऱ्यात कोणाचेही नसलेले पाणी आता उरलेले नाही. इथून पुढे एकाची वाढ दुसऱ्याच्या वाट्यातूनच होणार.

आता तुमच्या टक्क्यांकडे येऊ. सात टक्के हा आकडा ऐकायला साधा वाटतो. पण त्या गतीने अर्थव्यवस्था दहा वर्षांत दुप्पट होते आणि शंभर वर्षांत सुमारे ८६८ पट. शंभर वर्षे म्हणजे फार नाही, नातवाच्या म्हातारपणापर्यंतचा काळ. ८६८ पट सिमेंट, ८६८ पट वीज, ८६८ पट पाणी हे होणे नाही, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

यावर अर्थतज्ज्ञांचे उत्तर असे असते की रुपये वाढले म्हणजे वस्तू तेवढ्याच वाढल्या पाहिजेत असे नाही. चांगला डॉक्टर, चांगली शाळा, चांगले संगीत यांचेही मोल वाढते, आणि तंत्रज्ञान सुधारले की तेवढ्याच पाण्यात जास्त पिकते. हे उत्तर खोटे नाही, अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पाहा. ठिबक आले आणि एकरी पाणी वाचले. वाचलेले पाणी विहिरीत राहिले का? बहुतेक ठिकाणी त्यावर आणखी एकरभर बाग लागली. विहीर आटली की बोअर, बोअर आटले की अधिक खोल बोअर, आणि उपसलेले पाणी साठवायला प्लास्टिक अंथरलेले शेततळे, ज्यातले बरेचसे उन्हाळ्यात उडून जाते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच दाखवून दिले होते. इंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप वाढला. काटकसरीवर मर्यादेचे कुंपण नसेल तर काटकसरच पुढच्या विस्ताराचे भांडवल होते.

यात शेतकऱ्याला दोष देणे मला मान्य नाही. मांडव, तार, ठिबक, रोपे, सगळे कर्जावर उभे असते. हप्ता दरवर्षी येतो, गारपीट झाली तरी येतो. मग पुढच्या वर्षी जास्त पिकवल्याशिवाय त्याला गत्यंतर नसते. सातपूर-अंबडच्या कारखानदाराचे तेच, फ्लॅट घेतलेल्या कामगाराचे तेच, आणि करातून व्याज फेडणाऱ्या सरकारचेही तेच. ‘सगळे वाढ का मागतात’ या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे : आपण सगळ्यांनी उद्याच्या मोठ्या उत्पन्नावर आज उचल घेतलेली आहे. दसरा-दिवाळीच्या हप्त्यावरच्या खरेदीचा उत्साहही याच साखळीतली कडी. जुना मोबाइल, जुना सोफा घंटागाडीत जातो आणि नव्याचा हप्ता सुरू होतो. म्हणून वाढ एकदम थांबवा असे म्हणणाऱ्यांना मी सावध करतो. वाढ मंदावली की पहिली कुऱ्हाड कंत्राटी कामगारावर पडते. कर्जाची आणि रोजगाराची घडी बदलल्याशिवाय नुसती मंदी आणणे हे क्रूर ठरेल.

शिवाय मोजमापच सदोष आहे. विहीर भरलेली असली तर विकासदरात तिची नोंद नाही. ती आटली, बोअर खणले, टँकर मागवला, की तेवढी उलाढाल वाढली. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच बजावले होते की या आकड्यावरून लोकांचे कल्याण ताडता येत नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलेले जे. सी. कुमारप्पा तर त्यापुढे गेले. वापरून संपणारी संपत्ती आणि पुन्हा भरून येणारी संपत्ती यांच्यात त्यांनी स्पष्ट भेद केला. खोल बोअरचे पाणी ही साठवलेली ठेव आहे, पावसाचे पाणी हे वर्षाचे उत्पन्न. ठेव मोडून आलेल्या पैशाला उत्पन्न म्हणायचे, ही चूक घरखर्चात कोणी करणार नाही.

मग मर्यादेत राहून जगता येते का? येते, आणि त्याचे दोन दाखले आपल्याच जिल्ह्यात आहेत.

पहिला जुना. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर, काही शतके फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालचे थळ, म्हणजे भिजणारी जमीन, तीन-चार फडांत, म्हणजे भागांत, वाटलेले. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक हे गावकरी मिळून ठरवत. पाणी शेतकरी स्वतः घेत नसे. नेमलेला पाटकरी ते देई. बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे प्रत्येक फडात असत. त्यामुळे पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला तर तोटा एकाच्या गळ्यात पडत नसे, सगळ्यांमध्ये विभागला जाई. या व्यवस्थेचे मला सर्वांत मोठे आकर्षण इथेच वाटते. भरपूर असेल तेव्हा वाटप कोणीही करतो. तूट कशी वाटायची याची रीत त्यांनी आधीच ठरवून ठेवली होती. पुढे विहिरींवर विजेचे पंप बसले, वरच्या अंगाला हरणबारी, केळझर ही धरणे झाली आणि ती घडी बरीच विस्कटली.

दुसरा दाखला अलीकडचा. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचे पाणी शेवटच्या टोकाला, ओझरला, पोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास ओझरच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन अशा संस्थांच्या संघाकडे आले. प्रत्येक संस्थेचा कोटा ठरलेला, पाणी मोजून मिळणार, त्या पाण्यात काय पिकवायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे. कोट्याच्या आत राहून तिथे द्राक्षे आणि भाजीपाला आला, उत्पन्न वाढले. अर्थतज्ज्ञांचे ते अर्धे उत्तर इथे पूर्ण झाले, कारण पाण्याचा आकडा आधी ठरला आणि रुपयांचा नंतर आला.

म्हणून माझे मत असे. वाढ हवी का, हा प्रश्न सगळ्यांना एकसारखा लागू होत नाही. सुरगाणा-पेठमध्ये नाशिक शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन डोंगर उतरावे लागतात. तिथे नळ, दवाखाना, शाळा, रोजगार वाढलाच पाहिजे, आणि लवकर वाढला पाहिजे. त्याच जिल्ह्यात धरणाचा देखावा दाखवून विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या घरांना, त्यांच्या पोहण्याच्या तलावांना तो न्याय लावता येत नाही. आधी पाण्याची मर्यादा ठरवावी, तीत पिण्याच्या पाण्याचा आणि खालच्या गावांचा वाटा काढावा, आणि उरेल तेवढ्यात ज्याला जशी जमेल तशी भरभराट करावी.

तुमच्या भागात नवा गृहप्रकल्प किंवा नवा उद्योग येईल तेव्हा महापालिकेला एवढेच लेखी विचारा : याचे पाणी कोणत्या धरणातून येणार आहे, आणि आज ते कोण वापरते आहे? उत्तर मिळाले तर आम्हालाही जरूर कळवा.